शेवाय म्हणजे शेवया नव्हेत

आमच्या घरात समुद्र आला तो अकोल्याहून, एस.टी.ने, प्लास्टिकच्या डब्यात. हिरव्या झाकणाचा डबा, त्यावर लाटेचं चित्र आणि आत हिरवीगार भुकटी. आणणारे माझ्या नणंदेचे यजमान, म्हणजे या घरचे जावई. अमरावतीच्या माणसाला समुद्र बघायचा तर रात्रभराची मुंबईची गाडी पकडावी लागते, आणि तीही रिझर्व्हेशन मिळालं तर. जावयांनी आमचा तेवढा त्रास वाचवला.

जावई सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांना लोकांच्या तब्येतीची फार काळजी. नोकरीत असताना ही काळजी कधी दिसली नव्हती. तेव्हा त्यांच्या टेबलासमोर म्हातारी माणसं उन्हाची उभी असायची आणि हे जेवायला गेलेले असायचे. पण निवृत्तीनंतर माणूस बदलतो. आधी त्यांनी तांब्याच्या बाटल्या आणल्या, मग कंबरेचा पट्टा, मग चुंबकाची गादी. प्रत्येक वस्तू पहिल्यांदा आमच्याकडे यायची, कारण सासुरवाडीसारखं गिऱ्हाईक नाही. वस्तूही घेतं आणि वर जेवायलाही घालतं. त्या चुंबकाच्या गादीवर माझे सासरे अख्खा उन्हाळा झोपले. रक्ताभिसरण किती सुधारलं ते कळलं नाही, पण घराच्या चाव्या हरवल्या की आम्ही आधी गादी उचलून बघायचो.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. शेती दर्यापूरकडे, सगळा जन्म काळ्या मातीत गेला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे अमरावतीला आले, पण मन तिकडेच. दर आठवड्याला जीपमध्ये कोंबून घेऊन शेतावर जाणार आणि संध्याकाळी धुळीनं माखून परत येणार. त्यांना साखरेचा आजार जुना, त्यात कोलेस्टेरॉलची भर पडलेली. तरी गोळ्या घेत होते, भाकरी खात होते, सगळं ठीक चाललं होतं. मग बडनेऱ्याच्या एका लग्नासाठी नवी चप्पल घेतली आणि ती डाव्या पायाच्या करंगळीला लागली. एवढीशी जखम, पण भरून येईना.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. साखर खाली आली तर जखम भरेल, नाही आली तर बोट काढावं लागेल. मामाजींना बोटाचं दुःख नव्हतं, पेरणीचं होतं. त्यांची पेरणी म्हणजे पेरणाऱ्याच्या मागे अनवाणी चालणं. पायाखाली ढेकूळ फुटल्याशिवाय त्यांना बी पडल्यासारखं वाटतच नाही. "मिरगापर्यंत पाय झाला पायजे," मृग लागून पेरणी सुरू व्हायच्या आत पाय बरा व्हावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तर होळीच्या आसपास जावई डबा घेऊन आले. सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, दोन चमचे साखरेचा चहा प्यायले आणि मग डबा टीपॉयवर ठेवला.

"मामाजी, समुद्रातलं सूक्ष्म शेवाय आहे. शुगर, कोलेस्टेरॉल, दोन्ही जाग्यावर येते. साइड इफेक्ट नाही."

मामाजींनी वास घेतला. "हे मासोयीचं तं नाही न जी?"

"शुद्ध शाकाहारी. शेवाय म्हणजे वनस्पती."

"शेवाय तं आपल्या वावरातल्या टाक्यातबी आहे. अन् पाणीबी खारंच आहे आपलं."

हे अगदी खरं. आमच्याकडचा तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. खाऱ्या पाण्यातलं शेवाळच जर औषध असेल तर दर्यापूर तालुक्यात साखरेचा एक पेशंट सापडायला नको होता. पण जावई कचेरीत मुरलेले, असल्या आक्षेपाला बधणारे नव्हेत.

"ते साधं झालं. हे सूक्ष्म आहे, डोयाले दिसत नाही."

"डब्यात तं दिसून राह्यलं."

"मामाजी," जावई पुढे सरकले, "तुमच्या गावाच्या नावातच दर्या आहे. दर्याचं औषध तुमाले लागू पडणार नाही तं कोनाले पडन?"

मामाजींनी डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला. माझा नवरा वकील आहे, कोर्टात लोकांच्या बाजूनं तासभर उभा राहून बोलतो. त्यानं त्या दिवशी या पक्षात किंवा त्या पक्षात एक शब्द काढला नाही. बहिणीच्या नवऱ्यासमोर बोलायचं नसतं, हा कायदा त्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय पाठ आहे.

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे इथे एका अक्षराबद्दल सांगायलाच हवं. ळ हे अक्षर आमच्या वऱ्हाडात फक्त पाठ्यपुस्तकात राहतं. पुस्तक मिटलं की शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया, केळ्याचं केय. शुद्धलेखनात मुलं फळ्याला बिनधास्त फया लिहितात आणि मी लाल पेनानं गोल करते. घरी आले की मीच कोणाला तरी म्हणते, "काया चहा नको देऊ मले." तर शेवाळाचं आमच्या घरात शेवाय झालं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

मामाजी रोज सकाळी कोमट पाण्यात चमचाभर भुकटी ढवळून घ्यायला लागले. वास असा की मी त्यासाठी वेगळा पेला काढून ठेवला आणि तो घरातल्या बाकी भांड्यांत मिसळू दिला नाही. आमच्या घरात कधी अंडंही शिजलेलं नाही. पण शेजारची मांजर सकाळी बरोबर त्याच वेळेला स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसू लागली आणि आशेनं बघू लागली. तिला कुणी शुद्ध शाकाहारी असल्याचं सांगितलेलं नसावं.

मी त्यांना इतकंच म्हटलं, "घ्या, पण गोळ्या सुटायला नकोत."

"नाही सोडत न बाई," मामाजी म्हणाले. मी जेवणाच्या ताटाशेजारी वाटीत गोळी ठेवायची, ते उचलायचे, पाणी प्यायचे. माझं समाधान व्हायचं. पायाची पट्टी मात्र मी रोज बदलत होते आणि जखम होती तशीच होती. कडा पांढरट पडत होत्या. ते मला आवडत नव्हतं.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तपासणीची तारीख आली तेव्हा माझ्या शाळेत निकालाचं काम होतं आणि नवऱ्याची तारीख होती. मामाजी म्हणाले, मी काय लहान आहो? ऑटोनं एकटे गेले. आले ते तोंड पाडून.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"शुगर लय वाढली म्हने. गोयी वाढवून देल्ली. अन् शेवया बंद करा म्हने."

मला कळेना. आखाजीला आंब्याच्या रसाबरोबर वाटीभर शेवयांची खीर खाल्ली होती त्यांनी, हे खरं. पण वर्षातून एकदा खाल्लेली वाटी डॉक्टरपर्यंत कशी पोहोचली? मामाजींनाही तेच कोडं पडलेलं. तरी माणूस मोठा आज्ञाधारक. त्यांनी स्वतः वरच्या फळीवरचा घरच्या शेवयांचा डबा काढायला लावला आणि कामवाल्या बाईंना देऊन टाकला. त्या खूष झाल्या. माझ्या जावेनं उन्हात बसून वळलेल्या शेवया होत्या त्या, पण बोट वाचत असेल तर जाऊ दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी पेल्यात शेवाय ढवळत होते. डॉक्टरांनी शेवया बंद केल्या होत्या, शेवाय नव्हे. दोन्ही आदेशांचं तंतोतंत पालन चालू होतं.

यानंतर अधिक महिना आला. आमच्याकडे तो धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावई विष्णू होतो आणि सासुरवाडीला त्याची पूजा करावी लागते. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, नवे कपडे, दिवा, सगळं. मामाजींचा जावयावर जीव, म्हणजे पूर्वीही होता आणि आता शेवाळानंतर तर जास्तच. सकाळपासून पुरण शिजत होतं, तूप कढत होतं, आणि साखरेच्या आजारावर औषध देणाऱ्या माणसासाठी मी किलोभर गूळ चिरत होते.

नणंद आणि जावई अकोल्याहून आले. हॉलमध्ये पाट मांडले, रांगोळी झाली. जावई तेवढ्यात स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, जरा पाणी द्या."

मी पाणी दिलं. त्यांनी पाठ फिरवली, खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. तेवढ्यात बाहेरून नणंदेनं हाक मारली आणि ते घाईनं निघून गेले. पट्टी ओट्यावरच राहिली. मी उचलली आणि बघतच राहिले. ही पट्टी मी महिन्याला मेडिकलमधून आणत होते. हेच नाव, हाच गुलाबी रंग. मामाजींची साखरेची गोळी.

मला भयंकर राग आला. समुद्राचं शेवाळ सगळ्या गावाला पाजणारा हा माणूस स्वतः चुपचाप जेवणाआधीची गोळी खातो. सरळ विचारायचं तर आज जावई विष्णू आहे, विष्णूला जाब विचारता येत नाही. पण औक्षण करता येतं. सासूबाई नसल्यानं औक्षण माझ्याकडे होतं.

बाहेर गेले तेव्हा मामाजी जावयाचे पाय धूत होते. करंगळीला पट्टी असलेल्या माणसाला खाली वाकणं जमत नव्हतं, तरी एक हात खुर्चीवर टेकवून त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं आणि आपल्या हातांनी जावयाचे पाय चोळले. लग्नात धुतले होते तसेच. मग टॉवेलनं कोरडे केले. जावई संकोचल्याचा चेहरा करून बसले होते. तो चेहरा ते चांगला करतात.

मी औक्षणाचं ताट घेऊन उभी राहिले. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, आणि सुपारीशेजारी ती गुलाबी गोळ्यांची पट्टी. ओवाळलं, कुंकू लावलं आणि म्हटलं, "भाऊजी, ही तुमची ओट्यावर राह्यली होती जी. जेवणाआधीची आहे न? घेतली का बरोबर?"

जावयांचा हात ताटाकडे आला, पण मामाजींचा आधी पोहोचला. त्यांनी पट्टी उचलली, डोळ्यांपासून लांब धरली.

"हे तं माही गोयी व्हय."

"नाही मामाजी," मी म्हटलं, "भाऊजींची आहे. ते पण हीच घेतात."

मामाजींनी पट्टीकडे पाहिलं, मग जावयाकडे. "पन मी तं सोडली न. होयीपासून. जवाईबापूनंच सोडाले लावली. दोन औषधं पोटात भांडतात म्हने." मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, जणू खरंच माहिती हवी होती, "मंग तुमची काहून चालू हाय जी?"

वाटीतली गोळी पोटात जातच नव्हती हे मला तेव्हा कळलं. जावयाची फजिती करायला म्हणून आणलेल्या ताटात मामाजींची फसवणूक निघाली होती.

जावई म्हणाले, "माही केस थोडी वेगयी आहे." एवढ्यात नणंद त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज पार चिरका झाला होता.

"तुमाले शुगर आहे? ते तं अ‍ॅसिडिटीची गोयी सांगत होते तुमी मले!"

धोंडे गार झाले आणि त्यांच्यावरचं तूप गोठलं. माझ्या वकील नवऱ्यानं अखेर घसा साफ केला आणि म्हणाला, "आधी जेवून घ्या." कोर्टात तो जिंकतो कसा, हे मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी बोट दाखवलं त्या तुळशीच्या कुंडीतली माती मी उकरली. गोळ्या निघाल्या, काही पांढऱ्या पडून भुसभुशीत झालेल्या. तुळस छान होती. मी रजा टाकली आणि मामाजींना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई तिकडच्या, सातारा की सांगली, ळ ठसठशीत म्हणणाऱ्या. त्यांनी फाईल उघडली आणि विचारलं, "आजोबा, शेवया बंद केल्या ना?"

"केल्या न जी. वाटून टाकल्या."

"आणि सकाळी आता काय घेता?"

"तेच. शेवाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, आत्ता म्हणालात बंद केल्या!"

"शेवया बंद केल्या. शेवाय घेतो."

त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळा उलगडा झाला. मी सांगितलं, शेवाळ. समुद्री शेवाळ. आणि गोळ्या होळीपासून बंद आहेत. बाईंचा चेहरा उतरला. त्या गेल्या वेळी एका म्हाताऱ्या माणसाला रोज उपाशीपोटी शेवया खातो म्हणून रागावल्या होत्या, आणि त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. औषध घेता ना, असंही त्यांनी विचारलं होतं, आणि मामाजींनी खरं तेच सांगितलं होतं की रोज घेतो. फक्त औषध दुसरं होतं.

त्यांनी पट्टी सोडली, करंगळीकडे बराच वेळ पाहिलं. कड काळी पडायला लागली होती. "हे वाचणार नाही," त्या म्हणाल्या. मामाजींनी विचारलं, "मिरगापर्यंत होईन का?" त्यांना वाटलं बाई जखमेबद्दल बोलतायत. मला रडू आलं, आणि मी ते तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

करंगळी गेली. बाकीचा पाय वाचला, ते गोळ्या पुन्हा सुरू झाल्या म्हणून आणि वेळेत गेलो म्हणून. शेवाळावर माझा राग नाही. नंतर मी थोडं वाचलं. अशा शेवाळांवर जगभर अभ्यास चालू आहे, प्रयोगशाळांमध्ये, उंदरांवर, आणि त्यात पुढे काही चांगलं निघेलही. निघो. पण मी वाचलं त्यात कुठेही दर्यापूरच्या माणसानं गोळ्या तुळशीत पुराव्यात असं लिहिलेलं मला दिसलं नाही. तेवढं अकोल्यात लिहिलं गेलं.

पेरणी झाली तेव्हा मामाजी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते, पायावर पिशवी बांधलेली. पेरणारे पुढे गेले की ते हात हलवून काहीतरी ओरडायचे. कुणाला ऐकू येत नव्हतं. मी छत्री धरून शेजारी उभी होते. त्यांनी एकदा वाकून मुठीत माती घेतली, हातानंच फोडली आणि टाकून दिली.

जावई महिनाभर फिरकले नाहीत. नणंद येऊन गेली, एकटीच. मग एका दुपारी ते आले. हातात पिशवी नव्हती. त्यांना पहिल्यांदाच रिकाम्या हातानं आलेलं पाहिलं आणि खरं सांगायचं तर थोडं हलकं वाटलं. सोफ्यावर अंग चोरून बसले. मामाजींचा पाय समोरच्या स्टुलावर होता, पट्टी बांधलेली, करंगळीच्या जागी सपाट.

मी मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. मराठीची शिक्षिका आहे, चांगली जुळली होती. पण मामाजींनी आतल्या दिशेनं हाक मारली.

"बाई, जवाईले फिक्का चहा दे. त्याले शुगर आहे, अन् कोनाले सांगत नाही तो."

माझी चार वाक्यं तिथेच संपली. मी दोन कप बिनसाखरेचा चहा ठेवला. इतकी वर्षं हा माणूस या घरात दोन चमचे साखर घालून चहा पीत होता आणि घरी जाऊन अ‍ॅसिडिटीची म्हणून गोळी गिळत होता. कुणासाठी, ते त्यालाच माहीत.

चहा घेऊन बाहेर आले तर मामाजी सांगत होते, "मोजे काढा जी."

"राहू द्या मामाजी."

"काढा. डॉक्टरीणबाईनं मले शिकवलं. रोज पाहा लागते, बोटायच्या मधात, तयव्याले. माणसाले कयत नाही, आतून सुरू होते."

जावयांनी मोजे काढले. मामाजींनी त्यांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि एकेक बोट वेगळं करून बघू लागले. लग्नात धुतलेले, धोंड्यात धुतलेले तेच पाय. जावयांनी मान दुसरीकडे वळवली होती आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी चहा टीपॉयवर ठेवला. मामाजी दुसऱ्या पायाच्या करंगळीपाशी थांबले.

"इथं काय लागलं तुमाले?" त्यांनी विचारलं.